नागपूरच्या उन्हात एसीशिवाय: आमच्या घराची तीन वर्षं

ऑक्टोबर 2024 मध्ये, दसऱ्याला, आम्ही नवीन घरात राहायला आलो. घर 900 चौरस फुटांचं, एकमजली, वर्धा रोडच्या बाजूच्या एका लेआउटमध्ये. एसी नाही, एक कूलर आणि पंखे आहेत. 2025 चा उन्हाळा या घरात काढला आणि मग लिहायला बसले. घर बांधताना उन्हाचा विचार आधी करायचा असं आम्ही ठरवलं, तेव्हा कोणाकडे जायचं, काय विचारायचं, कुठे खर्च वाढतो आणि कुठे वाचतो, हे सांगणारं कोणी भेटत नव्हतं. ज्यांचा प्लॉट घेऊन ठेवलेला आहे आणि नकाशा अजून कागदावर यायचा आहे, त्यांना यातलं काही उपयोगी पडावं.

नागपूरचं ऊन नागपूरकरांना सांगायला नको. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंशांची नोंद झाली, तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहत होतो. दुपार कूलरसमोर निघायची. खरा त्रास रात्री नऊनंतर सुरू व्हायचा, कारण दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हा खाली उष्णता सोडायला लागायचा. बाहेर गच्चीवर गार वाटायचं आणि आत पलंगाची गादीसुद्धा गरम लागायची. सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी उन्हाळ्यात जपायला सांगितलं, तेव्हापासून घराचा विषय आमच्याकडे सारखा निघू लागला.

जून 2022 मध्ये बांधायचं नक्की केलं. त्याआधीच्या मे महिन्यात मी दोन साध्या वस्तू घेतल्या होत्या: खोलीचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं घड्याळाएवढं यंत्र, सहाशे रुपयांचं, आणि भिंतीवर रोखून तिचं तापमान सांगणारा इन्फ्रारेड थर्मामीटर, चौदाशेचा. रोज सकाळी सहा, दुपारी चार आणि रात्री नऊ या वेळांचे आकडे वहीत लिहायचे. रात्री नऊला आमच्या झोपायच्या खोलीचं छत 45 अंशांच्या आसपास असायचं, पश्चिमेची भिंत 41, पूर्वेची 36. ती वही पुढे प्रत्येक माणसासमोर ठेवली: आर्किटेक्ट, इंजिनिअर, मिस्त्री, बँक. घर बांधायचं असेल तर आधी एक उन्हाळा, आता राहता त्याच घरात, असे आकडे घ्या. आपल्याला कुठून भाजतं हे अंदाजाने कळत नाही. आम्ही पश्चिमेच्या खिडकीला दोष देत होतो, पण छत तिच्या कितीतरी पुढे होतं. एकमजली घरात सूर्य सगळ्यात जास्त वेळ छतावरच असतो.

आर्किटेक्ट शोधण्यात पावसाळा गेला. पहिल्या दोघांनी चांगले नकाशे दाखवले, पण उन्हाचं काय विचारलं की, ‘प्रत्येक खोलीला एसीचा पॉइंट देऊच,’ हे उत्तर. तिसरीकडे एक तरुण मुलगी भेटली. तिने आधी प्लॉटवर चला म्हटलं, होकायंत्र लावून उत्तर दिशा कुठे आहे ते पाहिलं आणि शेजारच्या प्लॉटवर पुढे काय येऊ शकतं ते विचारलं. फी थोडी जास्त होती, सगळं मिळून 1 लाख 10 हजार, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचे 25 हजार वेगळे. तिच्याकडून पहिल्यांदा ‘इको निवास संहिता’ हे नाव ऐकलं. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 मध्ये घरांसाठी काढलेली ही संहिता आहे. त्यात छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा दिली आहे: एका चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या दर अंश फरकामागे 1.2 वॅट. आपल्याकडचा नुसता काँक्रीटचा स्लॅब याच्या दुपटीहून जास्त उष्णता आत सोडतो. आमच्यासारख्या छोट्या घराला ही संहिता कोणी लावत नाही, पण हातात एक आकडा असला की इंजिनिअरशी बोलणं सोपं होतं.

प्लॉट 30 फूट बाय 60 फूट, रस्ता पूर्वेला. म्हणजे लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला, आणि पश्चिमेला फक्त घराची 20 फुटांची आखूड भिंत. प्लॉट घेताना आम्ही हे पाहिलं नव्हतं, पण उन्हाच्या दृष्टीने याहून सोयीची मांडणी नाही. ते कसं, हे आर्किटेक्टने कागदावर काढून दाखवलं.

नागपूर साधारण 21.15 अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला, आकाशात 45 अंशांवर असतो. मार्चनंतर तो वर चढत जातो. 26 मेच्या सुमारास इथे दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर अडीच फुटांचा छज्जा असला की एप्रिल-मेच्या दुपारी तिच्यावर ऊन येत नाही, आणि डिसेंबरात खिडकीच्या खालच्या भागातून हवंहवंसं ऊन आत येतं. उत्तरेच्या खिडक्यांना मात्र आपल्याकडे छज्जा देत नाहीत, ‘उत्तरेला ऊन नसतं’ म्हणून. मे-जूनमध्ये सकाळी आणि संध्याकाळी तिथे ऊन येतं. आम्ही उत्तरेलाही छज्जे दिले.

पश्चिमेला छज्जा कामाचा नाही. चार वाजताचं ऊन तिरपं, थेट समोरून येतं; छज्जा कितीही मोठा असला तरी ते त्याच्या खालून आत शिरतं. त्यामुळे पश्चिमेला राहायची खोलीच ठेवायची नाही असं ठरलं. नैऋत्येला जिना, मध्ये कोठी, वायव्येला संडास-बाथरूम. ऊन त्या भिंतीला तापवेल, पण त्या भिंतीला पाठ लावून कोणी झोपणार नाही.

इथे घरात चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, “नैऋत्येला घरातल्या मोठ्या माणसाची खोली असते. तिथं तू जिना कसा करतेस?” मला उत्तर सुचेना. आर्किटेक्टनेच शांतपणे सांगितलं, “काकू, नैऋत्येचा कोपरा जड असावा, भरलेला असावा, हेही वास्तूतच सांगतात ना? जिना आणि कोठी आली की तो भरतोच. स्वयंपाकघर तुम्ही म्हणता तसं आग्नेयेलाच ठेवलंय.” मग मी वहीतले आकडे वाचून दाखवले: नैऋत्येची आमची सध्याची झोपायची खोली रात्री नऊला किती, पूर्वेची किती. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाल्या, “मग माझा पलंग उत्तरेच्या खोलीत लावा.” ज्यांच्याकडे हा प्रश्न येईल (आणि तो येतोच), त्यांनी वास्तू आणि ऊन यांना समोरासमोर उभं करू नये. बहुतेक गोष्टी दोन्हीकडून जुळवता येतात.

सप्टेंबरमध्ये एका रविवारी आम्ही सेवाग्रामला गेलो. बापूकुटी शाळेच्या सहलीत पाहिली होती, या वेळी टेप घेऊन पाहिली. मातीच्या जाड भिंती, बांबू, कवेलूचं छप्पर, आणि छपराची खाली आलेली वळचण. भिंतीवर ऊन पडू द्यायचं नाही, ही तिथली मुख्य गोष्ट. गांधीजी 1936 मध्ये सेवाग्रामला राहायला आले. मूळ कुटी त्यांच्या शिष्या मीराबेननी जवळपासच्याच सामानातून उभी केली होती. वर्ध्यालाच सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने कुंभाराच्या चाकावर केलेल्या शंकूच्या आकाराच्या कवेलूंचं, काँक्रीटशिवाय उभं राहणारं छत विकसित केलं आहे. तेही पाहून आलो. मला ते फार आवडलं. आम्हाला पुढे-मागे वर एक मजला चढवायचा होता, म्हणून ते घेता आलं नाही. पण ज्यांना तळमजल्यावरच राहायचं आहे त्यांनी स्लॅबचा निर्णय करण्याआधी एकदा वर्ध्याला जाऊन यावं.

आता कागदपत्रं. आमचा लेआउट गुंठेवारीतला, म्हणून आरएल लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आणि त्यासोबतचा नकाशा ही पहिली गोष्ट. त्याशिवाय विक्रीपत्र, सातबारा, कर भरल्याची पावती, आर्किटेक्टचा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला. राज्यात डिसेंबर 2020 पासून बांधकामाची एकत्रित नियमावली आहे. तिच्यात 150 ते 300 चौरस मीटरचे प्लॉट कमी जोखमीच्या गटात येतात आणि त्यांना दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. आमचा प्लॉट 167 चौरस मीटर, म्हणजे याच गटात. पण कागद निर्दोष असतील तर दहा दिवस. आमच्या आरएलच्या नकाशातलं क्षेत्रफळ आणि विक्रीपत्रातलं क्षेत्रफळ यांत थोडा फरक निघाला आणि अर्ज परत आला. दुरुस्ती करून आणायला डिसेंबर 2022 आणि पूर्ण जानेवारी गेला. तुमच्याकडे दोन्ही कागद असतील तर आज रात्रीच शेजारी ठेवून आकडे जुळतात का पाहा. अर्ज करायच्या आधी दुरुस्ती सोपी जाते.

दुसरा आक्षेप छज्जांवर आला. आम्ही दक्षिणेला चार फुटांचा मागितला होता. सोडायच्या मोकळ्या जागेत छज्जा पाऊण मीटरपर्यंतच चालतो. मग आर्किटेक्टने खिडक्याच भिंतीच्या आतल्या कडेला बसवल्या, त्यामुळे सावलीसाठी आणखी सहा इंच मिळाले. नकाशा बदलून पुन्हा ऑनलाइन चढवला, फेब्रुवारीच्या शेवटी डिमांड नोट आली. विकास शुल्क, छाननी शुल्क आणि बांधकाम खर्चावरचा 1 टक्का कामगार उपकर असं धरून साधारण 85 हजार भरले. हा आकडा गावागावात बदलतो. बजेटमध्ये त्याची जागा ठेवा, कारण ही रक्कम कर्जाच्या हप्त्याआधी, आपल्या खिशातून जाते.

कर्ज 15 लाखांचं. बँक पैसे टप्प्याने देते: जोता, लिंटेल (दारा-खिडक्यांवरची आडवी पट्टी), स्लॅब, मग फिनिशिंग. बँकेच्या इंजिनिअरने अंदाजपत्रकात पोकळ भिंत (तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे) पाहिली आणि फाइल बाजूला ठेवली. त्यांचं म्हणणं, अशी भिंत त्यांनी मूल्यांकनात कधी धरली नाही. आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून दिलं की घराचा भार आरसीसी कॉलम-बीमवर आहे, भिंत फक्त भरणीची आहे. त्या एका पत्राने काम झालं, पण ते पत्र मिळवून फाइल पुढे सरकायला तीन आठवडे गेले. नेहमीपेक्षा वेगळं काही करणार असाल तर असं पत्र अर्जासोबतच जोडा.

मार्च 2023 मध्ये परवानगी आणि कर्ज दोन्ही हातात होतं. तरी आम्ही काम सुरू केलं नाही. उन्हाळ्यात इथे पाणी मारायला पाणी पुरत नाही, टँकर घ्यावा लागतो, आणि काँक्रीट सुकतं फार लवकर. त्यानंतर पावसाळा. सहा महिने भाडं आणखी भरलं, पण मला ते पटलेलं होतं. त्या काळात बोअर करून घेतली, 75 हजार.

24 ऑक्टोबर 2023 ला, दसऱ्याच्या दिवशी भूमिपूजन केलं. आमच्या बाजूला काळी माती; ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. कडक मुरूम लागेपर्यंत सहा-सात फूट खोदावं लागलं. पाया, कॉलम, जोता डिसेंबरअखेर झाला.

भिंतीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. भिंत ‘रॅट-ट्रॅप बॉन्ड’ची आहे. केरळात आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी ही पद्धत घराघरांत नेली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात: एक बाहेर, एक आत, आणि ठरावीक अंतरावर एक वीट आरपार जाऊन दोघींना बांधून ठेवते. भिंत नऊ इंचांचीच होते, पण मध्ये तीन इंचांची पोकळी राहते. ती बंद हवा उष्णतेला अडवते, आणि विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात. आमच्याकडे भाजलेल्या विटा वाकड्यातिकड्या येतात, त्या या कामाला चालत नाहीत. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेमुळे नागपुरात फ्लाय अॅशच्या विटा भरपूर मिळतात. त्यांच्या कडा सरळ असतात. आम्हाला साडेसहा रुपयांना एक पडली.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, वीट अशी उभी ठेवली तं भिंत पोकळ राहीन. उद्या कोनी खिळा ठोकला तं?” प्रश्न बरोबर होता. त्यावर बसून आम्ही यादी केली: गिझर कुठे, कपाट कुठे, टीव्ही कुठे, देवघराची फळी कुठे. तिथे तिथे पोकळी भरून भरीव भिंत करायची. दारा-खिडक्यांच्या बाजू, कोपरे, खिडकीखालचा आणि लिंटेलखालचा थर, हेही भरीव. विजेच्या नळ्या भिंत उभी राहतानाच पोकळीतून घालायच्या, कारण नंतर झिरी मारता येत नाही. म्हणजे इलेक्ट्रिशियन गिलाव्याच्या वेळी नाही, भिंतीच्या वेळी हवा, आणि स्विचबोर्ड कुठे येणार ते जानेवारीतच ठरलेलं हवं.

मग त्यांनी कंपाउंडजवळ तीन फुटांची नमुन्याची भिंत लावून पाहिली. पहिल्या दोन थरांत मसाला पोकळीत पडत होता. पोकळीत मसाला साचला की आतली-बाहेरची वीट जोडली जाते आणि उष्णतेला वाट मिळते. त्यांच्या मुलाने सेंट्रिंगची एक पट्टी तासून तीन इंच रुंद केली, दोन टोकांना तारेचे कान लावले. पट्टी पोकळीवर ठेवायची, मसाला पसरायचा, पट्टी कानाला धरून उचलायची, वरचा पडलेला मसाला घमेल्यात झटकायचा, वीट ठेवायची. चौथ्या थरापासून हात बसला. पुढे शेजारच्या साइटवरचे गवंडी ते पाहायला यायचे आणि मिस्त्री स्वतः समजावून सांगायचे. मजुरी मात्र नेहमीपेक्षा जास्त ठरवावी लागली, चौरस फुटामागे आठ रुपये. विटांमध्ये आणि मसाल्यात जे वाचलं ते बहुतेक इथे गेलं. माझ्या मते ते योग्यच होतं. नवीन पद्धत शिकून काम करणाऱ्याच्या मजुरीत घासाघीस करू नये.

स्लॅब 3 मार्च 2024 ला टाकला. दोन खोल्यांत फिलर स्लॅब आहे: स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट नुसतं जागा भरतं, तिथे सळ्यांच्या चौकटींत इंग्रजी कवेलू पालथी-उताणी जोडीने बसवली. जुनं घर पाडलं त्यांच्याकडून कवेलू प्रत्येकी चार रुपयांना घेतली. ती आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवावी लागतात, नाहीतर काँक्रीटमधलं पाणी शोषून घेतात. स्लॅबच्या दिवशी मिस्त्री-मजुरांचं जेवण, आणि दुसऱ्या दिवसापासून वाफे करून तीन आठवडे पाणी भरून ठेवलं.

उन्हाचं मुख्य काम त्याच्या वर आहे. स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर दोन इंची एक्सपीएस शीट (दाबाला टिकणारा, बारीक छिद्रांचा कडक फोम), त्यावर जाळी टाकून दोन इंच काँक्रीटचा उतार, आणि शेवटी पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझाईक. शीटचे 47 हजार, मोझाईकचे मजुरीसह 42 हजार. टाइल्सच्या दुकानात फुटलेला माल पोत्यावर मिळतो. पांढरे आणि फिकेच तुकडे निवडून घ्यायचे. शीट छताच्या वर टाकायची, खाली नाही. वर टाकली तर स्लॅब फारसा तापत नाही; आतून लावली तर स्लॅब दिवसभर तापतो आणि उन्हा-थंडीने तडकण्याचा धोका राहतो. एप्रिलमध्ये अर्ध्या गच्चीवर मोझाईक झालं होतं आणि अर्धी बाकी होती. दुपारी तीनला थर्मामीटर लावला: उघडं काँक्रीट 61, पांढरा मोझाईक 43. मिस्त्रींनी चप्पल काढून एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून पाहिला आणि मुलाला हाक मारली, “ये, पाय ठेवून पाह्य.” त्यानंतर त्या कामावर कोणी शंका घेतली नाही.

खिडक्यांचं थोडक्यात. सरकत्या खिडकीचा अर्धा भाग कायम बंद राहतो. आम्हाला रात्री पूर्ण उघडणाऱ्या हव्या होत्या, म्हणून बिजागरीचे पल्ले, लोखंडी चौकट, ग्रिल आणि मच्छरजाळी. दारांच्या वर झरोके ठेवले आणि ते जिन्याकडे उघडतात. जिन्याच्या खोलीला वर लुव्हर (तिरप्या पट्ट्यांच्या झडपा) आहेत. संध्याकाळी घरातली गरम हवा त्या वाटेने वर निघून जाते, आणि उत्तरेच्या, पूर्वेच्या खिडक्यांतून गार हवा आत येते. जिन्याच्या दाराशी उभं राहिलं की हे अंगाला कळतं.

गिलावा, फरशी, रंग यांत उन्हाळा आणि पावसाळा गेला. भोगवटा प्रमाणपत्रासाठी जुलैत अर्ज केला, सप्टेंबरमध्ये मिळालं. अर्जासोबत काम पूर्ण झाल्याचा आर्किटेक्टचा दाखला लागतो. प्रत्यक्ष बांधकाम आणि मंजूर नकाशा जुळत असेल तर त्रास नाही. ‘एक फूट पुढे घेऊ, कोण बघतं’ असं ठेकेदार म्हणतो, त्याचं ऐकू नका.

एकूण खर्च, कंपाउंड आणि बोअर धरून, 21 लाखांच्या आसपास. त्यात निव्वळ उन्हासाठी जास्तीचे गेले ते छताचे 89 हजार, पल्ल्याच्या खिडक्यांचे 30 हजार आणि जास्तीच्या छज्जांचे 20 हजार. दिशा, खोल्यांची जागा, झरोके यांना वेगळा खर्च पडला नाही.

जानेवारी 2025 मध्ये पीएम सूर्य घर योजनेत 3 किलोवॅटचं सोलर घेतलं. राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज, यादीतला विक्रेता निवडणे, बसवणे, नेट मीटर, तपासणी आणि मग अनुदान, या क्रमाने. 1 लाख 90 हजार भरले, 78 हजार अनुदान खात्यात आलं. नेट मीटर लागून ते येईपर्यंत दोन महिने गेले. वीजबिलावरचं, आधारवरचं आणि बँकेतलं नाव एकसारखं आहे का ते आधी पाहा. पॅनल आम्ही सात फूट उंच मांडणीवर घेतले, त्यामुळे खालच्या गच्चीवर सावली पडते आणि तिथे संध्याकाळी बसताही येतं.

मग उन्हाळा आला. एप्रिल 2025 च्या तिसऱ्या आठवड्यात पारा 44 च्या पुढे गेला. सिग्नलवर हिरव्या जाळ्या लागल्या होत्या, दुपारी रस्ते ओस. घरात नियम एकच: सकाळी साडेसातला खिडक्या आणि पडदे बंद, संध्याकाळी सातनंतर सगळं उघडं. दुपारी चारला हॉल कूलरशिवाय 34 ते 35. कूलर लावला की 29. रात्री नऊला छत 34, जुन्या घरातल्या 45 च्या जागी. कूलर उत्तरेच्या खिडकीत, सावलीत आहे, आणि तो सुरू असताना समोरचा झरोका उघडा ठेवावाच लागतो. हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत नुसती ओल कोंडते. सासूबाई दुपारी उत्तरेच्या खोलीत नुसत्या पंख्याखाली झोपल्या, हे मी त्या वहीत आकड्यांशेजारी लिहून ठेवलं आहे.

दोन गोष्टी सांगायला हव्यात. 2025 चा मे महिना अवकाळी पावसाने नरम गेला, नवतपा (मेअखेरचे एरवी सगळ्यात तापणारे नऊ दिवस) तापलाच नाही. त्यामुळे सलग 46 अंशांचे आठ-दहा दिवस या घराने त्या उन्हाळ्यात पाहिले नाहीत. दुसरं, पावसाळ्यातल्या दमट उकाड्यावर ही रचना फारशी उपयोगी नाही. हवेत ओल असली की कूलर निरुपयोगी ठरतो आणि रात्रही गार होत नाही. तेव्हा पंख्याचा वारा आणि आरपार उघड्या खिडक्या एवढंच हातात असतं. आम्ही कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावले आहेत, ते रात्रभर चालवायला काही वाटत नाही. कोकणात किंवा मुंबईत बांधणाऱ्यांनी म्हणूनच माझं घर जसंच्या तसं उचलू नये. तिथे दिवसा खिडक्या बंद ठेवून चालणार नाही, सावली आणि वारा यांवरच भर द्यावा लागेल.

पश्चिमेच्या भिंतीपासून एक फूट सोडून बांबूचा मांडव उभा केला आहे, त्यावर मधुमालती चढते आहे. 2025 च्या उन्हाळ्यात ती कमरेएवढीच होती, म्हणून तेव्हा तिथे हिरवी जाळी बांधली.

ज्यांचं घर आधीच बांधलेलं आहे, त्यांनी भिंतींच्या मागे लागू नये, छतापासून सुरुवात करावी. माझ्या भावाने मार्चमध्ये त्याच्या जुन्या घराच्या गच्चीला चुना मारला: कळीचा चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात फेव्हिकॉल मिसळून दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. मारण्याआधी गच्ची घासून धुवायची, भेगा भरायच्या, आणि काम सकाळी आठच्या आत उरकायचं, नाहीतर चुना वाळून पापुद्रे सुटतात. सामानाला दोन हजारही लागले नाहीत. त्याच्याकडे रात्री नऊचं छत आधीपेक्षा सहा-सात अंशांनी उतरलं. पावसात तो चुना बराच धुऊन जातो, तेव्हा दर वर्षी होळीच्या सुमारास पुन्हा मारावा लागेल, आणि मधे धूळ बसली की गच्ची झाडावी लागेल. मळलेली पांढरी गच्चीसुद्धा तापते.